नकारांची आवक-जावक

मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मीअधिक लोकांना ‘नाही’ म्हणण्यात घालवली. टेलिफोनच्या ऑफिसात नवीन जोडण्यांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईचं कामच ते होतं. आज ज्याच्या-त्याच्या खिशात फोन वाजतो, तेव्हा माझी नात मला विचारते, फोन द्यायला तुम्ही लोक ‘नाही’ का म्हणायचे? दुकानदार कधी गिऱ्हाइकाला परत पाठवतो का? तिला समजावताना मला तारेपासून सुरुवात करावी लागते.

एका फोनसाठी तांब्याच्या तारांची एक जोडी लागायची. ती एक्स्चेंजमधून निघायची, जमिनीखालच्या जाड केबलमधून रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीपर्यंत जायची, तिथून खांबावरच्या डबीत आणि डबीतून घरात. ज्या भागात केबलच गेलेली नाही, तिथल्या माणसाला फोन देणं म्हणजे नळ नसलेल्या गल्लीत तोटी बसवणं. केबल कुठं टाकायची ते ठरायचं मागणीवर. मागणी म्हणजे काय, तर रजिस्टरात नोंद झालेले अर्ज. एवढं साधं होतं. मलाही पहिली सात-आठ वर्षं ते साधंच वाटलं.

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं यायची. एक, ज्यांच्या भागात केबल होती पण जोडी शिल्लक नव्हती. त्यांना प्रतीक्षायादीत नंबर मिळायचा. एक निवृत्त हेडमास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी छत्री घेऊन यायचे, नंबर विचारायचे आणि डायरीत लिहून घ्यायचे. एका महिन्यात त्यांचा नंबर पुढं सरकायच्या ऐवजी दोननं मागं गेला, कारण मध्ये दोन डॉक्टर घुसले होते आणि डॉक्टरांना अग्रक्रम होता. गुरुजी रागावले नाहीत. डायरीत नवा आकडा लिहिला आणि म्हणाले, “बाई, वर्गात असा गणिताचा पेपर काढला असता तर मुलांनी मला मारलं असतं.” त्यांना फोन नवव्या वर्षी मिळाला.

दुसऱ्या प्रकारची माणसं म्हणजे जिथं केबलच नाही तिथली. त्यांचा अर्ज आम्ही यादीत घ्यायचोच नाही. त्यांना एक छापील पत्र जायचं. ‘आपल्या भागात जोडणी देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. सोय उपलब्ध झाल्यावर नव्याने अर्ज करावा.’ नाव, पत्ता भरायचा, खाली सही करायची, जावक रजिस्टरात नोंद करायची आणि अर्ज अनामतीसकट परत. दिवसाला अशी चार-पाच पत्रं मी लिहायची. माझी सही त्यामुळं फार वळणदार झाली.

साधारण चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. उत्तर नागपुरासाठी नव्या केबलचं नियोजन करायचं होतं आणि कुठल्या वस्तीत किती मागणी आहे याची पाहणी घरोघरी जाऊन करा, असा वरून हुकूम आला. आमचे इंजिनिअर जोगळेकर साहेब पुण्याहून बदलून आलेले, नेमस्त माणूस. पाहणीला जायला पुरुष कारकून तयार नव्हते, ऊन होतं. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “मेश्रामबाई, तुम्हाला तिकडची माहिती असेल.”

तिकडची म्हणजे काय ते मला कळलं. माझे वडील गिरणीत होते, छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, आणि जरीपटक्याच्या पलीकडच्या बऱ्याच वस्त्यांमधून आमचे नातेवाईक होते. साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी फॉर्मचा गठ्ठा उचलला.

फॉर्म छापील होता. घर पक्कं की कच्चं, धंदा काय, उत्पन्न किती, फोन हवा का. घर कच्चं असलं तर पुढचं विचारायचंच नाही, ‘मागणी शून्य’ लिहून पुढं जायचं, अशी सूचना. पहिले तीन दिवस मी जरीपटक्याच्या बाजारात काढले. तिथं सगळ्यांना फोन हवा होता. चौथ्या दिवशी रेल्वेचे रूळ ओलांडून खदानपुऱ्यात गेले. जुन्या दगडाच्या खाणीभोवती वसलेली तीन-चारशे घरांची वस्ती. गिरणी कामगार, शिंपी, रेल्वेत खलाशी म्हणवले जाणारे मदतनीस, एक-दोन मास्तर. आमच्या कागदपत्रांत या वस्तीपुढं गेली दहा वर्षं एकच आकडा होता. शून्य.

खदानपुऱ्यातल्या तिसऱ्या की चौथ्या घरी तुळसाबाई भेटल्या. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, वय पन्नाशीच्या पुढं, केस घट्ट बांधलेले. वस्तीतली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. मी कुठून आले ते सांगितलं तसं त्यांनी पाणी दिलं, आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि एक घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आल्या. माझ्यापुढं धरला.

“ही सही कोनाची हाय, वाचून सांग बरं.”

सही माझीच होती. सहा वर्षांपूर्वीची.

मला वाटलं त्या आता बोलतील मला. पण त्या समोर बसल्या आणि त्यांनी तो अर्ज का केला होता ते सांगितलं. शेजारच्या गल्लीत एका बाईचं बाळंतपण अडलं. रक्त थांबेना. तुळसाबाईंनी तिच्या दिराला फोन करायला पिटाळलं. वस्तीला जवळचा फोन म्हणजे रुळापलीकडचं लालचंद शेठचं किराणा दुकान. तो दिवस दुकानाच्या सुट्टीचा होता. दीर पुढं धावत गेला, दुसरं दुकान शोधलं, तिथल्या फोनच्या डायलला कुलूप. त्या काळी पुष्कळ लोक डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप अडकवून ठेवायचे. मालकाला घरून बोलावून आणेपर्यंत, गाडी येईपर्यंत दुपार कलली. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

“पुढच्याच महिन्यात म्या अर्ज केला,” तुळसाबाई म्हणाल्या. “मले वाटलं नर्स हाय म्हणून देतीन. तं तुहं हे पत्र आलं. काहून शक्य नाही वं? चंद्रावर मानूस जाऊन राहिला अन् रुळाच्या पल्याड तार नाही जात?”

मी केबलचं सांगितलं, जोडीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “मंग आमच्या इथं केबल काहून नाही?”

मी म्हटलं, मागणी नाही म्हणून.

त्यांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मागणी केली होती, ती मी परत पाठवली होती, आणि परत पाठवल्यामुळं ती कुठंही मोजली गेली नव्हती. हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी फॉर्म तसेच पिशवीत घालून मी घरी आले. जेवण केलं, भांडी घासली. किती लोकांना अशी पत्रं लिहिली असतील याचा हिशेब लागेना.

पण हिशेब होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकताच लक्षात आलं. प्रत्येक पत्र जावक रजिस्टरात चढवलेलं असतं. तारीख, नाव, पत्ता, विषय, सही कुणाची. जुनी रजिस्टरं जिन्याखालच्या कपाटात होती, वाळवी लागायच्या बेतात. मी जेवणाच्या सुट्टीत ती काढायला लागले. डावीकडं डबा, उजवीकडं रजिस्टर. ज्याचा पत्ता खदानपुऱ्याचा किंवा आजूबाजूचा, ते नाव उतरवून घ्यायचं. माझ्या शेजारी बसणारा बाबुराव म्हणाला, “काय करून राहिल्या बाई तुमी, जुन्या पापाची यादी?” मी म्हटलं हो, तीच.

तीन आठवडे लागले. बहुतेक माझंच अक्षर वाचायचं होतं, त्यामुळं अडलं नाही. नावं माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. शिंपी होते, एक होमिओपॅथीवाला होता, लग्नाचा बँडवाला होता, एका शाळेनं दोनदा अर्ज केला होता. काही पत्रांवर माझ्या आधीच्या माणसाची सही. तीन ठिकाणी तर माझ्या सहीवर जोगळेकर साहेबांची प्रतिस्वाक्षरी होती, कारण त्या अर्जदारांनी तक्रार केली होती.

मधल्या काळात पाहणीही चालू होतीच. मी फॉर्मवर माझ्या हातानं एक प्रश्न वाढवला. तुम्ही शेवटचा फोन कुठून केला? उत्तर बहुतेक एकच यायचं, लालचंद शेठ. म्हणून मी शेठकडे गेले. जाडजूड, मृदू बोलणारे सिंधी गृहस्थ. फाळणीनंतर आलेले. त्यांनी स्वतः फोनसाठी सात वर्षं वाट पाहिली होती. गल्ल्यापाशी काळा फोन, त्यावर भरतकाम केलेलं कापड, आणि भिंतीला एक पाटी टांगलेली. पाटीवर वस्तीतल्या लोकांचे निरोप. ‘किसनराव को, भाई वर्धा से कल आएगा.’

शेठ म्हणाले, “बेहनजी, फोन माझ्या नावावर आहे, पण मालक सगळा मोहल्ला आहे. मी साखर तोलू की निरोप देऊ? तुम्ही त्या लोकांना फोन द्या. मी तुमच्या पाया पडतो.” मी त्यांच्या दुकानात एक पूर्ण दिवस पोत्यावर बसून राहिले आणि जो कोणी रुळापलीकडून फोन करायला आला त्याचं नाव लिहीत गेले. दुपारपर्यंत पान भरलं, संध्याकाळपर्यंत पाठपोट.

हे सगळं घेऊन मी साहेबांपुढं उभी राहिले. त्यांनी आधी वाढवलेल्या प्रश्नावर बोट ठेवलं. हा कॉलम मंजूर नाही, म्हणाले. मी म्हटलं, बरं, तो खोडा. मग नावांची यादी पुढं केली. त्यांनी चष्मा लावून चार पानं वाचली. पाचव्या पानावर त्यांची स्वतःची प्रतिस्वाक्षरी असलेल्या शाळेचं नाव होतं. तिथं ते थांबले.

“बाई, फोन नाही म्हणून अर्ज नाहीत आणि अर्ज नाहीत म्हणून फोन नाही, हे मला कळत नाही असं समजू नका,” ते म्हणाले. “पण माझ्याकडं केबलचे ड्रम मोजून येतात. ते मी अशा ठिकाणी टाकतो, जिथं माणसं रांगेत उभी आहेत. ही माणसं रांगेत नाहीत.”

“रांगेत होती साहेब. आपण घरी पाठवलं.”

“पुरावा? ती आता म्हणतील आम्ही अर्ज केला होता. प्रत्येकाकडं पत्र आहे का?”

प्रत्येकाकडं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी पाच-सहा घरी विचारून आले होते. एकानं ते फडताळात कागद म्हणून अंथरलं होतं, एकाकडं पावसात गेलं. तुळसाबाईंसारखं ट्रंकेत जपणारे थोडे. मी जावक रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“त्यांच्याकडं नसेल साहेब, आपल्याकडं आहे. आपलंच रजिस्टर आपण खोटं म्हणायचं का?”

साहेबांनी रजिस्टर उघडून दोन-चार नोंदी पाहिल्या. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि टिपण लिहायला घेतलं. जुन्या अर्जदारानं पुन्हा अर्ज केल्यास तो परत न पाठवता, जावक रजिस्टरातली नोंद ग्राह्य धरून त्याला मूळ तारखेची ज्येष्ठता द्यावी. सही केली. मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, “आता अर्ज आणा. यादी पाठवता येत नाही, अर्ज पाठवता येतात.”

अर्ज आणणं अवघड निघालं. अर्जासोबत अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं ती विसरून जायची, हे सदरच्या व्यापाऱ्याला जमायचं. गिरणीतल्या माणसाला कसं जमावं? त्यात एकदा परत आलेला माणूस पुन्हा त्याच खिडकीवर कशाला जाईल? तुळसाबाईंनी रविवारी सकाळी वंदनेनंतर लोकांना विहारात थांबवून घेतलं आणि मला बोलायला उभं केलं. मी नियम सांगितला, ज्येष्ठतेचं सांगितलं. सगळे ऐकत होते, हलत कोणी नव्हतं. गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, किसनराव होते, वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर हाय. पन मले सांगा, घरी फोन आला तं मी तो कोनाले करू? ज्याइले करायचा त्याइच्याकडंबी नाही.”

नोकरीत इतकी वर्षं काढून इतका नेमका प्रश्न मी ऐकला नव्हता.

उत्तर तुळसाबाईंनी दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, की गेल्या सालात लालचंदच्या दुकानात फोनसाठी कोण कोण गेलं होतं, त्यांनी हात वर करा. हात वर होत गेले. किसनरावांचाही झाला. “तुमी फोन करत नाही असं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमी चालत जाऊन करता. मी तं बाळंतपनात ते पोरगं गेलं त्या दिवसापासून मोजून राहिली. आता ज्याले अर्ज करायचा नाही त्यानं मले सांगाव, काहून नाही.”

दहा दिवसांनी, एका सकाळी खिडकी उघडली तर खदानपुऱ्याची माणसं जिन्यापर्यंत उभी होती. बाबुरावनं माझ्याकडं पाहिलं. सतरा अर्ज आले. शाळेचा, बँडवाल्याचा, मास्तरांचा. तीन शेजाऱ्यांनी मिळून एक केला होता, नाव कुणाचं टाकायचं यावर खिडकीपाशीच चर्चा झाली. किसनराव शेवटी आले. मी प्रत्येकाला नोंदीचा नंबर दिला, जुनी तारीख घालून. शाई वाळायच्या आत तुळसाबाईंनी स्वतःचा नंबर दोनदा वाचला.

केबल यायला आणखी चार वर्षं लागली. हे मी लपवत नाही. एकदा ड्रम आले आणि दुसऱ्या भागात गेले. एकदा रुळाखालून केबल न्यायची परवानगी अडली. साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी आलेल्यांनी फाइल पाहिली नव्हती. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक स्मरणपत्र लिहायची. कुणी उत्तर देवो न देवो. नव्या साहेबांनी एकदा चिडून विचारलं की खदानपुऱ्यात तुमचं कोण आहे? मी म्हटलं, सतरा अर्जदार आहेत.

खणायला सुरुवात झाली तेव्हा मी रजा टाकून गेले. वर मुरूम, खाली काळा दगड, पहारीचे घाव लागेनात. वस्तीतल्या खाणीत आयुष्य काढलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी मजुरांना दगडाची शीर कुठं आहे ते दाखवलं, मग काम सुरळीत झालं.

सतरांपैकी चौदा जोडण्या झाल्या. दोन घरं वस्ती सोडून गेली होती. बँडवाला वारला होता, त्याच्या मुलानं नाव बदलून घ्यायचं म्हटलं, तर नियमानं त्याला नव्यानं रांगेत जावं लागलं. ते मला थांबवता आलं नाही. तुळसाबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. लाइनमन त्यांच्या बाहेरच्या खोलीत काळा फोन बसवत होता, तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांची नजर अधू झाली होती. डायलवर बोटं फिरवून त्यांनी भोकं मोजली.

“आता कोनाचं बाळंतपन मी करतो?” त्या म्हणाल्या. “दहा सालं उशीर केला वं तुनं.”

मी हो म्हटलं.

“पन केलं,” त्या म्हणाल्या. मग लाइनमनला म्हणाल्या, दाराजवळ बसव, आत नको. येणाऱ्या-जाणाऱ्याले घरात घुसाव नाही लागलं पाह्यजे.

केबलमध्ये पन्नास जोड्या होत्या. वरच्या ऑफिसनं लिहिलं होतं की इतक्या जोड्या पडून राहतील. वर्षाच्या आत एकही शिल्लक नव्हती, आणि खदानपुऱ्याची पहिली प्रतीक्षायादी सुरू झाली. ऑफिसात लोक हसले. मला त्या यादीचा आनंद झाला, असं सांगितलं तर कुणाला विचित्र वाटेल. पण तिच्यात नावं होती, आणि ती मोजली जात होती.

पुढच्या महिन्यात नव्या साहेबांनी मला बोलावून फॉर्मचा दुसरा गठ्ठा दिला. कामठीच्या रस्त्यावरची एक वस्ती होती, तिथं मी पूर्वी कधी गेले नव्हते. पहिल्याच घराबाहेर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. माझ्या हातातले कागद पाहून त्यानं विचारलं, “बाई, फोन देता का नुसतं लिहून नेता?”

“आज नुसतं लिहून नेते,” मी म्हटलं. “पण खरं लिहून नेते.”

त्यानं विडी विझवली, अंगणातली खाट सावलीत ओढली आणि म्हणाला, “बसा मंग. लिहा.”